ठेवलेलं, सांभाळलेलं, दत्तक घेतलेलं: खान्देशातल्या घरांसाठी

खान्देशात 'दत्तक' हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींना चालतो. शाळेसाठी चोपड्याच्या काकाकडे ठेवलेला पुतण्या दत्तक. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले म्हणून धडगावच्या आजीजवळ राहिलेली दोन पोरंही दत्तक. ओळखीच्या बाईने दवाखान्यातून 'सोय करून दिलेलं' बाळ दत्तक, आणि कलेक्टरच्या आदेशाने घरी आलेली मुलगीही दत्तकच. मायेत फरक नसेलही. कायद्याने मात्र पहिली दोन दत्तक नाहीत, तिसरा गुन्हा आहे आणि चौथंच खरं दत्तक. हा फरक बहुधा उशिरा कळतो. पासपोर्ट काढताना, सातबाऱ्यावर वारस लावताना, किंवा शाळेच्या दाखल्यावरचं बापाचं नाव आधारशी जुळेना तेव्हा.

म्हणून आधी कागदाचं पाहू, मग घराचं. घराचं जास्त अवघड आहे, तिथे जास्त वेळ थांबू.

दोन कायदे, दोन दारं

पहिलं दार नात्यातलं. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ हा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख घरांना लागू होतो. दिराचा मुलगा किंवा बहिणीची मुलगी घ्यायची असेल तर लोक याच दारातून जातात. मूल १५ वर्षांखालचं आणि अविवाहित हवं. मुलगा घ्यायचा तर घरात हयात मुलगा, नातू किंवा पणतू नको. मुलगी घ्यायची तर हयात मुलगी किंवा मुलाची मुलगी नको. पुरुषाने मुलगी किंवा बाईने मुलगा घ्यायचा असेल तर दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचं अंतर लागतं. नवराबायको दोघांची संमती लागते. मूल देण्याचा अधिकार आईबापांना आहे. आजी, मामा किंवा दवाखान्यातली नर्स मूल देऊ शकत नाही. आईबाप नसतील तर पालकाला कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. होम केलाच पाहिजे असं नाही, पण मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं गेलं पाहिजे. त्यानंतर दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्राची नोंदणी करा. नोंदणी झालेल्या, दोन्ही बाजूंच्या सह्या असलेल्या दत्तकपत्राला कोर्ट खरं धरून चालतं, उलट सिद्ध होईपर्यंत. स्टँपपेपरवरच्या नोटरीला तो मान नाही. भावकीत जमिनीचा वाद उठला की पहिला घाव त्या नोटरीवरच बसतो.

नंदुरबारकडच्या घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, जी वकीलही कधी कधी विसरतात. हा १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यासाठी केंद्र सरकारची वेगळी अधिसूचना लागते. भिल्ल, पावरा किंवा कोकणी या जमातींतल्या कुटुंबाने त्याखाली केलेलं दत्तकपत्र पुढे रूढीच्या पुराव्यावर तोलावं लागतं. अशा घराला दुसरं दार जास्त भक्कम.

ते दुसरं दार म्हणजे बाल न्याय अधिनियम, २०१५. धर्म, जात, जमात न पाहता सगळ्यांना खुलं. मुस्लिम, ख्रिस्ती, आदिवासी, एकटी बाई, एकटा पुरुष, सगळे यातून जाऊ शकतात. फक्त एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. अनाथ, सोडून दिलेलं किंवा आईबापांनी संस्थेच्या हवाली केलेलं मूल याच वाटेने मिळतं. नात्यातलं मूलही या वाटेने घेता येतं. पूर्वी आदेश कोर्ट देत असे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ सप्टेंबर २०२२ पासून, तो जिल्हादंडाधिकारी देतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या लोकांसाठी ते आपापले कलेक्टर. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे, नाशिकला, अपील करता येतं.

आता तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे दवाखान्यातून 'सोय करून दिलेल्या' बाळाबद्दल, कारण त्याची हौस अजून गेलेली नाही. मूल विकणं-विकत घेणं याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. दवाखान्यातल्या माणसाने केलं तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं. 'पैसे दिले नाहीत, फक्त बाळंतपणाचा खर्च उचलला' हा बचाव टिकत नाही. शिवाय अशा घरांना पुढे सारखी धमकी असते. ज्याने बाळ आणून दिलं तो दर दिवाळीला पैसे मागायला उभा राहतो.

ज्या आईला बाळ सांभाळणं शक्य नाही, तिच्यासाठी वेगळी वाट आहे आणि ती गावोगावी सांगायला हवी. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर ती बाळ सोपवू शकते. नाव गुप्त राहतं. विचार बदलला तर ६० दिवसांत बाळ परत मागता येतं. सोपवलेल्या किंवा सोडलेल्या मुलाच्या चौकशीत जन्मदात्या आईबापांवर एफआयआर नोंदवायचा नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. बाळ उकिरड्यावर सापडण्यामागे कधी कधी पोलिसांची भीतीही असते, आणि समितीकडे बाळ सोपवणाऱ्या आईसाठी ती भीती मुळात खोटी आहे. भुसावळ स्टेशनवर एकटं मूल दिसलं किंवा शेताच्या बांधावर बाळ सापडलं, तर १०९८ ला फोन करा. २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे. 'देवाने दिलं' म्हणून घरी ठेवून घेतलं तर तो गुन्हा ठरतो, हेतू कितीही चांगला असो.

नोंदणीपासून आदेशापर्यंत

नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे काराच्या, पोर्टलवर होते. सायबर कॅफेवाल्याकडून करून घेतली तरी चालेल; मोबाईल नंबर आणि पासवर्ड मात्र आपला आणि आपल्याजवळ. ही साधी गोष्ट वाटते, पण पुढे मुलाची माहिती त्याच नंबरवर येते आणि पसंती कळवायला फक्त ४८ तास असतात. नंबर कॅफेवाल्याचा असेल तर संधी गेली.

नोंदणीनंतर ३० दिवसांत कागद चढवायचे: फोटो, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, राहण्याचा पुरावा, लग्नाचा दाखला, उत्पन्न, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. शेतकऱ्यांना उत्पन्नाच्या कागदाची धास्ती असते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा आणि सातबारा जोडा. लग्नाचा दाखला हा आपल्याकडे खरा अडसर, कारण बऱ्याच लग्नांची नोंदणीच नसते. ती आधी करून घ्या.

मग समाजकार्यकर्ती घरी येते. गृह अभ्यास अहवाल ६० दिवसांत व्हावा असा नियम आहे आणि तो तीन वर्षं चालतो. लोक घर रंगवतात, आजीला उत्तरं पढवतात. गरज नाही. फरशी कोणती हे ती बघत नाही. मूल रात्री रडलं तर उठणार कोण, कापूस वेचणीच्या दिवसांत मुलाजवळ कोण, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे मान्य आहे का, हे ती बघते. आधी गमावलेलं बाळ, अयशस्वी उपचार, नवऱ्याची शुगर यातलं काही लपवू नका. लपवलेलं नंतर कळलं की तिच्या मनात बाकीच्या माहितीवरही प्रश्नचिन्ह लागतं.

वयाचं गणित कडक आहे. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं तर नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत, एकट्या व्यक्तीचं वय ४० च्या आत. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० आणि ४५, चार ते आठसाठी १०० आणि ५०, आठ ते अठरासाठी ११० आणि ५५. मूल आणि पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. लग्नाला स्थिर अशी दोन वर्षं झालेली हवीत. दोन किंवा जास्त मुलं आधीच असतील तर नात्यातलं मूल सोडून फक्त विशेष गरजा असलेलं किंवा ज्याला घर मिळणं अवघड असं मूल घेता येतं.

लहान, निरोगी बाळासाठी रांग काही वर्षांची आहे. याचं कारण घोटाळ्यात शोधू नका. वाट बघणारी घरं फार आणि दत्तकासाठी कायद्याने मोकळी झालेली लहान मुलं थोडी, इतकंच. सोडून दिलेलं मूल दोन वर्षांखालचं असेल तर बाल कल्याण समितीला दोन महिने, त्याहून मोठं असेल तर चार महिने घरचे शोधण्यासाठी दिलेले आहेत. या काळात ते बाळ संस्थेत दिसतं, पण दिलं जात नाही. 'बाळ तर आहे ना तिथे, मग आम्हाला का नाही' हा प्रश्न नेहमी येतो. त्याचं उत्तर असं, की त्याची आई कदाचित सुरतेला कामाला असेल आणि होळीला परत येईल.

एकूण तीन वेळा मुलाची माहिती दाखवली जाते. वैद्यकीय अहवाल आपल्या बालरोगतज्ज्ञाला नक्की दाखवा, त्याची परवानगी आहे. मूल स्वीकारल्यावर ते आधी दत्तकपूर्व सांभाळात घरी येतं, आणि अर्ज कलेक्टर कार्यालयात जातो. सुनावणी बंद खोलीत होते. अर्ज दोन महिन्यांत निकाली निघायला हवा. शुल्क नियमावलीत छापलेलं आहे. पावतीशिवाय कोणालाही, देणगी म्हणूनही, एक रुपया देऊ नका. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजकार्यकर्ती भेटायला येते. तिला पाहुणी समजून नुसता चहा पाजून पाठवू नका. अडचण सांगायची ती हीच वेळ.

आदेश हातात पडल्यावर नवा जन्मदाखला काढा, त्यावर तुमचीच नावं येतात. आधारचं जपून. पाच वर्षांवरच्या मुलाचं संस्थेत आधार काढलेलं असतं. नव्या नावाने दुसरं काढायला गेलात तर बोटांचे ठसे जुळतात आणि अर्ज फेटाळला जातो. जुन्यातच नाव आणि पत्ता बदलून घ्या. मग रेशनकार्ड, मग शाळेचं जनरल रजिस्टर, याच क्रमाने. आदेशाच्या प्रमाणित प्रती चार-पाच घेऊन ठेवा. वारसाहक्क पोटच्या मुलाइतकाच पूर्ण मिळतो, त्यासाठी वेगळं मृत्युपत्र करावं लागत नाही.

पहिले दोन महिने

बाळ आलं की खान्देशातलं घर भरतं. मावश्या ओटी घेऊन येतात, भाऊबंद नारळ आणतात, गल्लीतली प्रत्येक बाई बाळ कडेवर घेते. प्रेमच आहे ते. पण संस्थेत वाढलेल्या बाळाने जन्मापासून पाळीपाळीने बदलणारे दहा-बारा हात पाहिलेले असतात. कोणाचाही हात धरून जाणारं, कोणाच्याही मांडीवर हसत बसणारं मूल बघून लोक म्हणतात, 'किती माणसाळलेलं आहे!' खरं तर त्याला अजून आपलं माणूस कोणतं ते ठरवताच आलेलं नसतं.

म्हणून सहा ते आठ आठवडे एक नियम पाळा. भरवणं, अंघोळ, झोपवणं आणि दुखलं-खुपलं तर उचलणं फक्त आईबापांनी करायचं. बाकीच्यांनी बघायचं, बोलायचं, हसवायचं; कडेवर घ्यायचं नाही. बारसं किंवा गावजेवण दोन महिने पुढे ढकला. आजी रुसेल. तिला आधीच, मूल यायच्या आधी, हे कारण सांगून ठेवा, म्हणजे दारात वाद होत नाही.

मग नातेवाइकांनी करायचं काय? भरपूर काही आहे. रात्रपाळीची मोटर चालू करायला तुमच्याऐवजी जाणं. म्हशीचं दूध काढून देणं. मोठ्यांसाठी वरण-बट्टीचा डबा पाठवणं. दवाखान्याच्या फेरीला गाडी देणं. केळीची कापणी आली तर दोन दिवस शेत सांभाळणं. या मदतीने आईबाप मुलाजवळ थांबू शकतात, आणि कडेवर घेण्यापेक्षा तिची किंमत जास्त आहे.

संस्थेतून निघताना विचारून लिहून घ्या: कोणतं दूध, किती वेळाने, बाटली की वाटी-चमचा, कुशीवर झोपतं की पाठीवर, दिवा लागतो का, कशाला घाबरतं, कोणत्या नावाने हाक मारतात. सांभाळणाऱ्या मावशीचं एखादं जुनं फडकं किंवा गोधडीचा तुकडा मागून आणा आणि पहिले काही आठवडे धुऊ नका. त्या वासावर बाळ झोपतं. दूध बदलायचं असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू.

सुरुवातीला मूल फार शहाण्यासारखं वागतं. काही आठवड्यांनी बिघडल्यासारखं वाटतं: आदळआपट, चावणं, पुन्हा अंथरुणात लघवी. घरच्यांना वाटतं, काहीतरी चुकलं. उलट आहे. आता इथून कोणी काढणार नाही ना, हे ते तपासतं आहे. अशा वेळी 'तुला परत देऊन येईन' हे वाक्य घरात कोणाच्याही तोंडून निघता कामा नये. आणि मामालोकांचा तो जुना विनोद, 'तुला बोहारणीकडून भांड्यावर घेतलं', तोही कायमचा बंद. पोटच्या मुलाला तो विनोद असतो, या मुलाला बातमी.

काही मुलं झोपताना डोलतात, डोकं गादीवर हळूहळू आपटतात. ते स्वतःला झोपवत असतात. रागावू नका, बांधू नका. पाठीवर हात ठेवून त्याच लयीत थोपटा. दोन-तीन महिन्यांत कमी झालं नाही, किंवा हाकेला वळून बघत नसेल, तर कानांची तपासणी करा. खोलीत एकटं बसवण्याची शिक्षा या मुलांना देऊ नका. चूक झाली की जवळ बसवून शांत करा.

पोट, रक्त आणि ऊन

उशीखाली भाकरीचा तुकडा सापडतो. दप्तरात लाडू. फडताळातून गूळ. ही चोरी म्हणता येणार नाही. कधी काळी जेवण वेळेवर मिळालं नव्हतं, त्याची आठवण पोटाला राहिली आहे. उपाय सोपा आहे: मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर एक डबा ठेवा. फुटाणे, मुरमुरे, दोन केळी. तो कधीही रिकामा राहू देऊ नका आणि 'आत्ताच तर जेवलास' म्हणू नका. काही महिन्यांनी डब्याकडे लक्षच जाईनासं होतं.

हडकुळं मूल आलं की आजीचा हात तुपाकडे जातो. थांबा. सहा महिने ते पाच वर्षं या वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर अंगणवाडीच्या पट्टीने मोजा. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण आहे आणि आधी डॉक्टर. साडेअकरा ते साडेबाराच्या मध्ये असेल तर मध्यम. एकदम जड खायला दिलं तर जुलाब लागतात, आणि तीव्र कुपोषणात त्याने जिवावर बेतू शकतं. दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्या. संस्थेतलं जेवण बेचव असतं. आपला काळा मसाला आणि ठेचा पहिल्या आठवड्यात ताटात नको. साधं वरण, मऊ भात, केळं. कळण्याची भाकरी आणि शेवभाजी पुढे आहेतच.

सातपुड्याच्या पट्ट्यातल्या मुलाच्या बाबतीत सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली आहे का, हे पहिल्याच दिवशी बघा. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा आणि शिरपूर-चोपड्याच्या डोंगराकडच्या वस्त्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. अहवालात नुसतं 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह' (ही पहिली, साधी रक्तचाचणी) लिहिलं असेल तर तो अर्धाच निकाल. मूल फक्त वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. पक्क्या निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्तचाचणी करून घ्या. सहा महिन्यांखालच्या बाळात सोल्युबिलिटी चाचणीवर विसंबू नका. 'एएस' म्हणजे वाहक: मूल निरोगी, शाळा, खेळ सगळं नेहमीसारखं, लग्नाच्या वयात जोडीदाराची तपासणी महत्त्वाची. 'एसएस' म्हणजे रुग्ण. तेही घरी आणण्यासारखं मूल आहे, फक्त काम वाढतं: डॉक्टरांनी दिलेली पेनिसिलिन आणि फॉलिक अॅसिड न चुकता, न्यूमोकोकलची लस, गरज पडेल तेव्हा हायड्रॉक्सीयुरिया. ताप आला की घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. अंगातलं पाणी कमी झालं की दुखण्याचा झटका येतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो. शाळेत पाण्याची बाटली वर्गातच जवळ ठेवू देण्याची आणि लघवीला कधीही जाऊ देण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या.

लसीकरणाचं कार्ड नसेल तर 'झालं असेल' असं धरू नका, राहिलेल्या लशी आरोग्य केंद्रात द्या. जन्मतारीख बऱ्याचदा अंदाजाने लिहिलेली असते. दोन वर्षांचं म्हणून आलेलं मूल दीड वर्षाच्या मुलासारखं बोलत असेल तर शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. दर महिन्याला वजन-उंची मांडा. रेघ वर चढते आहे ना, एवढंच बघा.

बोली

मूल देशातून कुठूनही येऊ शकतं. चार वर्षांची ओडिया बोलणारी मुलगी अमळनेरला आली तर तिच्यासाठी मराठी आणि अहिराणी दोन्ही परक्या. यायच्या आधी तिच्या भाषेतले वीस शब्द संस्थेकडून मोबाईलवर बोलून घ्या: पाणी, भूक, शू, दुखतं, भीती वाटते, झोप, थांब, इथेच आहे. तिने तुमची भाषा शिकण्याआधी तुम्ही तिचे वीस शब्द शिकायचे. सातपुड्यातल्या मोलगी गावाहून आलेलं पावरी बोलणारं मूल जळगावच्या फ्लॅटमध्ये गेलं तरी हेच. घरातला आजा 'भूक लागनी का?' असं विचारतो ते बंद करू नका. शाळेची भाषा नंतर येतेच, घरची आधी येऊ द्या.

पाच वर्षांवरच्या मुलाचं नाव त्याला न विचारता बदलू नका. इतकं सगळं बदललं त्यात ते एकच सोबत आलेलं असतं. फारच वाटलं तर जुनं नाव घरातलं नाव म्हणून ठेवा.

सांगायचं कधी

मूल दत्तक आहे हे लपवायचंच नाही, त्यामुळे 'कधी' हा प्रश्न उरत नाही. गावात लपत नाही. पाणवठ्यावर, शाळेच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात कोणीतरी बोलतंच. तिसऱ्या वर्षापासून झोपताना सांगायच्या गोष्टीत मुलीची स्वतःची गोष्ट असू द्या: तू कुठे होतीस, आम्ही किती लांबून आलो, बसला उशीर कसा झाला, तू कोणता फ्रॉक घातला होतास. सात-आठव्या वर्षी पुढचा प्रश्न येतो: मला का सोडलं? माहीत असेल तेवढंच सांगा. 'ती वाईट होती' नको आणि 'देवाघरी गेली' असं खोटंही नको. शब्द जपून वापरा. 'खरी आई' म्हणू नका, 'जन्म दिलेली आई' म्हणा. बाहेर कोणी विचारलं, 'कोनी आंडेर शे?' (कोणाची मुलगी आहे?) तर उत्तर एकच: 'आमनी शे.' पुढचा तपशील मुलीचा आहे, तो वाटायचा अधिकारही तिचाच.

एका जुन्या पत्र्याच्या पेटीत आदेश, अहवाल, संस्थेतला फोटो, आलेल्या दिवशीचे कपडे ठेवा. अठरानंतर आपलं मूळ शोधायचा अर्ज मूल स्वतः करू शकतं. दुसऱ्या कोणाला तो करता येत नाही.

शाळेत 'वंशवृक्ष काढा' किंवा 'जन्माच्या दिवशीचा फोटो आणा' असा गृहपाठ येतो. वर्गशिक्षिकेला जूनमध्येच भेटून ठेवा.

आणि कानबाईचे रोट, म्हणजे श्रावणातल्या कानबाई देवीच्या उत्सवाचा प्रसाद. रोट भाऊबंदांतच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच त्या दिवशी मुलाच्या हातावर रोट कोण ठेवतं याकडे अख्ख्या भावकीचं लक्ष असतं. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाने, सगळ्यांसमोर, पहिल्याच वर्षी ठेवला तर पुढचे कित्येक टोमणे जन्मालाच येत नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी झोक्यावर बसते, माहेरवाशिणी तिला गाणी शिकवतात, हेही तसंच.

फॉस्टर केअर: परत जाणारं मूल

प्रतिपालक कुटुंब म्हणजे दत्तक नव्हे. आई आजारी आहे, बाप तुरुंगात आहे, घरचे सापडत नाहीत, अशा मुलाला संस्थेऐवजी एका घरात काही काळ ठेवायचं. आदेश बाल कल्याण समितीचा, देखरेख जिल्हा बाल संरक्षण कक्षाची. आडनाव बदलत नाही, शाळेच्या कागदावर तुमचं नाव लागत नाही, जमिनीत हक्क येत नाही. ऑपरेशनची वेळ आली तर समितीला कळवायचं. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तींनाही हे करता येतं. एकट्या पुरुषाला मुलगी मात्र ठेवता येत नाही. मूल कायद्याने मोकळं असेल आणि सोबत दोन वर्षं झाली असतील तर पुढे दत्तकासाठी अर्ज करता येतो, आधी पाच वर्षं लागत. पण केवळ रांग चुकवायला म्हणून यात येऊ नका. बहुतेक मुलं परत जातात, आणि ती परत जावीत हाच हेतू आहे.

पैशाचं सांगायचं तर मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत फॉस्टर केअर आणि प्रायोजकत्वासाठी मुलामागे महिना ४,००० रुपये आहेत. आईबाप दोघं किंवा एक नसलेलं मूल आजी-काकाकडे राहत असेल तर राज्याच्या बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळतात. त्यासाठी मृत्यूचा दाखला, मुलाचा बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला, मुलाचं आणि पालकाचं बँक खातं, घरासमोरचा फोटो घेऊन जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जायचं. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांना सांभाळणाऱ्या आज्यांनीही तिथे विचारून बघावं. अनुदान दर महिन्याच्या एक तारखेला येईल असं धरून दुकानात खातं मात्र लावू नका.

अशा मुलाचा फोटो स्टेटसला, गणपतीच्या ग्रुपवर किंवा चेक देतानाच्या बातमीत टाकू नका. ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जन्मदात्या आईची भेट ठरली की भेटीनंतर मूल दोन दिवस चिडतं, जेवत नाही. म्हणून भेट बंद करा, असं लगेच म्हणू नका. भेट रविवारी सकाळी ठेवा, म्हणजे सावरायला दुपार मिळते; घरी आल्यावर नेहमीचंच जेवण, नेहमीचीच वेळ.

आणि परत जायचा दिवस. तो एकदम आणू नका. आधी दुपारची भेट, मग एक रात्र, मग आठवडा. शेजारपाजार म्हणेल, 'परक्याचं पोर, गेलं तर गेलं.' घरातल्या बाईला त्या दिवशी स्वयंपाक सुचणार नाही, हे घरच्यांनी आधीच धरून ठेवावं. पिशवीत लसीकरणाचं कार्ड, शाळेचा दाखला, पंधरा दिवसांची औषधं ठेवा. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: काय खातं, कशाला घाबरतं, ताप आला तर कोणतं औषध आणि किती मिली, कोणत्या कुशीवर झोपतं. तुमचा नंबर पिशवीच्या आतल्या बाजूला शिवून टाका. पांघरायची गोधडी द्या, आणि ती धुऊ नका.